एकट्या पालकाचा रकाना

फेब्रुवारी हा सरकारी कार्यालयांतून करगणनेचा महिना. वर्षभर थोडाथोडा कापलेला आयकर वर्षअखेरच्या पगारात जुळवून घ्यायचा असतो. त्यासाठी लेखा शाखेचे परिपत्रक फिरते, घोषणापत्रे भरून मागवली जातात, आणि एरवी या विषयाकडे ढुंकूनही न पाहणारी मंडळी कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. महाराष्ट्रापासून दूर, उत्तरेतल्या एका शहरात असलेल्या आमच्या कार्यालयात अशाच एका दुपारी खासगी सचिव पदावरील एक सहकारी आपले घोषणापत्र घेऊन माझ्याकडे आल्या. त्या मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघेच, म्हणून अशी कामे त्या हक्काने माझ्याकडे आणतात. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि विचारले, "साहेब, मी एकटी आहे हे यात कुठे लिहायचे?"

मी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. घरभाड्याचा रकाना होता, गृहकर्जावरील व्याजाचा होता, विम्याचा होता, बँकेतील व्याजाचा होता. त्यांनी विचारलेला रकाना नव्हता. सहा वर्षांपूर्वी पती घर सोडून गेले. घटस्फोट झालेला नाही. खटला उभा करायला ना वेळ ना उसंत. मुलगा नववीत आहे. त्याची शाळा, शिकवणी, दुपारी घरी थांबणाऱ्या बाईंचा पगार, मधूनमधून येणारे आजारपण, सगळे एका पगारातून. "कुठेच लिहायचे नाही," असे उत्तर मी त्यांना दिले. ते अचूक होते. तरीही त्यानंतर बरेच दिवस मला ते टोचत राहिले. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

अर्थशास्त्र शिकताना करआकारणीचे जे पहिले तत्त्व आम्हाला शिकवले गेले ते म्हणजे करदानक्षमता. समान क्षमतेच्या माणसांवर समान कर आणि अधिक क्षमतेच्या माणसांवर अधिक कर. वाक्य सोपे आहे. अडचण ‘क्षमता’ या शब्दात आहे. क्षमता म्हणजे केवळ उत्पन्न, की त्या उत्पन्नावर किती माणसे उभी आहेत हेही त्यात आले? आपला आयकर या प्रश्नाला ‘केवळ उत्पन्न’ असे उत्तर देतो.

उदाहरण आकड्यांत पाहू. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीसाठी जे दर ठरवले त्यांनुसार १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट धरून कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्याच्यासाठी ही मर्यादा १२ लाख ७५ हजार. आता एका घरात पती-पत्नी दोघेही कमावतात आणि प्रत्येकाचा पगार ८ लाख ३७ हजार ५०० आहे असे समजा. घराचे एकूण उत्पन्न १६ लाख ७५ हजार, आणि कर शून्य. शेजारच्या घरात एकटी आई १६ लाख ७५ हजार कमावते. प्रमाणित वजावटीनंतर तिचे करपात्र उत्पन्न १६ लाख; त्यावर कर १ लाख २० हजार आणि ४ टक्के उपकर धरून एकूण १ लाख २४ हजार ८०० रुपये. दोन्ही घरांत एकेक मूल, दोन्ही घरांची मिळकत सारखी. एका घरात चार हात आहेत, दुसऱ्यात दोन. आणि कर दोन हातांच्या घरावर.

यावर कोणी म्हणेल की पती एकटाच कमावतो आणि पत्नी घर सांभाळते अशा घरावरही एवढाच कर बसतो. ते खरे आहे. पण त्या घरात मूल शाळेतून परतते तेव्हा दार उघडणारे माणूस असते. त्या माणसाच्या श्रमाचे मोल राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही हा वेगळा विषय. पण ते श्रम घराला मिळतात. एकट्या पालकाला तेच श्रम करोत्तर पैशातून विकत घ्यावे लागतात. आणि आपण गावाबाहेर, राज्याबाहेर येऊन राहिलेली माणसे तर हे विशेष जाणतो. साताऱ्यात असत्या तर या बाईंच्या मुलाला दुपारी आजी होती, मामी होती. परमुलखात आजी आणि मामी दोन्ही पगारावर ठेवाव्या लागतात.

आपल्या करव्यवस्थेने कुटुंबाकडे कधीच पाहिले नाही, असे मात्र नाही. १९५५ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी विवाहित करदात्यासाठी २,००० रुपये आणि अविवाहितासाठी १,००० रुपये अशी वेगवेगळी करमुक्त मर्यादा ठेवली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मुलांच्या संख्येचाही विचार झाला: विवाहितास ३,००० रुपये, एक मूल असल्यास ३,३००, दोन असल्यास ३,६०० अशी चढती मर्यादा आली. पुढे व्यवस्था सोपी करण्याच्या ओघात हे भेद गळून पडले. २००० च्या अर्थसंकल्पाने महिला करदात्यांना करातून ५,००० रुपयांची थेट सूट दिली. २००५ मध्ये तिच्या जागी महिलांसाठी वाढीव करमुक्त मर्यादा आली आणि २०१२-१३ पासून ती पुरुषांच्या मर्यादेशी समान झाली. या सगळ्या प्रवासात करदात्याला ‘विवाहित आहात काय’ असे विचारून झाले, ‘स्त्री आहात काय’ असेही विचारून झाले. ‘एकट्याने मूल सांभाळता काय’ हा प्रश्न सवलत देण्यासाठी कधी विचारला गेला नाही.

कर वसूल करण्यासाठी मात्र तो विचारला गेला आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात अज्ञान मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवण्याची तरतूद १९९३-९४ पासून आहे. नियम असा: विवाह टिकून असेल तर ज्या पालकाचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात, आणि विवाह टिकून नसेल तर जो पालक मुलाचा सांभाळ करतो त्याच्या उत्पन्नात. म्हणजे कायद्याला सांभाळ करणारा पालक ओळखता येतो! मुलाच्या नावावरील ठेवीचे व्याज कोणाच्या माथी मारायचे हे ठरवताना तो त्याला स्पष्ट दिसतो. या मिळवणीपोटी प्रत्येक मुलामागे वर्षाला १,५०० रुपये करमुक्त ठेवले गेले. त्या कायद्याच्या अखेरपर्यंत ही रक्कम वाढली नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला तीही मिळत नाही. १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख, त्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानेही मिळवणीचे तत्त्व कायम ठेवले आहे.

याच नियमात आणखी एक गाठ आहे. ज्यांचा घटस्फोट झालेला नाही, केवळ वेगळे राहतात, त्यांचा विवाह कायद्याच्या दृष्टीने टिकून असतो. अशा वेळी आईने मुलाच्या नावे ठेव ठेवली आणि पतीचे उत्पन्न अधिक असले, तर व्याज पतीच्या उत्पन्नात धरायचे. जो माणूस सहा वर्षांत मुलाला भेटलेला नाही, त्याच्या विवरणपत्रात मुलाच्या ठेवीचे व्याज!

पोटगीची गोष्टही अशीच. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीतलदास तीरथदास प्रकरणात ठरवले की न्यायालयाच्या हुकुमानुसार पत्नी व मुलांना दिलेली निर्वाहाची रक्कम देणाऱ्याच्या उत्पन्नातून वजा होणार नाही. ते मिळालेल्या उत्पन्नाचे विनियोजन आहे. १९८३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगडच्या राजकन्या महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात म्हटले की एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती, पण दरमहा मिळणारी पोटगी हे उत्पन्न. दोन्ही निर्णय आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत. एकत्र ठेवले की निष्पन्न असे होते की देणाऱ्याने ज्या रुपयावर कर भरला, त्याच रुपयावर घेणारीनेही भरायचा. संसार एकत्र असता तर तो रुपया एकदाच करपात्र ठरला असता.

इतर देशांनी काय केले हे पाहणे म्हणूनच उपयोगाचे आहे. कॅनडात आश्रिताचा सांभाळ करणाऱ्या एकट्या व्यक्तीला जे टॅक्स क्रेडिट मिळते, त्याला पूर्वी ‘जोडीदाराच्या तोडीचे’ अशा अर्थाचे नाव होते. त्या नावातच तर्क आहे. जोडीदाराला उत्पन्न नसेल तर करदात्याला त्याच्यापोटी सूट मिळते. जोडीदारच नसेल तर त्याची जागा पहिल्या आश्रित मुलाला द्यावी. २०२४ साठी ही रक्कम १५,७०५ डॉलर होती आणि तिच्यावर सर्वांत खालच्या दराने, म्हणजे १५ टक्क्यांनी, संघराज्याच्या करातून सूट मिळे. कमाल सुमारे २,३५६ डॉलर. अमेरिकेत एकट्याने घर चालवणाऱ्याला ‘कुटुंबप्रमुख’ असा वेगळा दर्जा आहे. २०२४ मध्ये त्याची प्रमाणित वजावट २१,९०० डॉलर होती, तर आश्रित नसलेल्या एकट्या व्यक्तीची १४,६०० डॉलर. या देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांना हे रकाने ओळखीचे असतील.

मला त्या रकमांपेक्षा त्यांच्या व्याख्यांत अधिक रस आहे, कारण प्रशासनाचे खरे काम तेथे आहे. अमेरिकी नियम घटस्फोटाच्या कागदावर अडून बसत नाही. वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत जोडीदार घरात राहत नव्हता, घरखर्चाचा अर्ध्याहून अधिक भार करदात्याने उचलला, आणि वर्षाच्या अर्ध्याहून अधिक काळ मुलाचे मुख्य घर तेच होते, तर विवाहित व्यक्तीलाही करापुरते अविवाहित धरतात. कॅनडाचा नियम दुसऱ्या टोकाची काळजी घेतो. एका मुलापोटी एकानेच सूट घ्यायची. संयुक्त ताब्यामुळे दोघेही पात्र असतील आणि कोणी घ्यायची यावर एकमत होत नसेल, तर दोघांनाही नाही. भांडणाऱ्या पालकांना एका टेबलावर बसवण्याची ही पद्धत मला मोठी व्यवहारचतुर वाटते.

व्याख्येचा मुद्दा मी एवढ्या आग्रहाने मांडतो याला एक कारण आहे, आणि ते सांगताना मला संकोच वाटतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांना मिळणारी बालसंगोपन रजा २०१८ च्या अखेरीस एकट्या पुरुष पालकांनाही लागू झाली. निर्णय अतिशय स्वागतार्ह होता. ‘एकटा पुरुष’ म्हणजे अविवाहित, विधुर वा घटस्फोटित, अशी व्याख्या नियमात आली. पुढे एका जुन्या नेमणुकीत माझ्या हाताखालच्या एका तरुणाने या रजेसाठी अर्ज केला. पत्नी निघून गेली होती, चार वर्षांची मुलगी त्याच्याजवळ होती, आणि घटस्फोटाचा दावा प्रलंबित होता. तो ना अविवाहित, ना विधुर, ना घटस्फोटित. ‘नियमात बसत नाही’ ही टिप्पणी माझ्या सहीने गेली. नियमाप्रमाणे ती बरोबर होती. त्याने अर्जित रजा संपवली, मग अर्धपगारी रजा संपवली, आणि शेवटी मुलीला गावी आईकडे नेऊन ठेवले. तो तक्रार करायला आला नाही. आला असता तर मला बरे वाटले असते.

२०११ च्या जनगणनेत वेगळे राहणाऱ्यांची संख्या घटस्फोटितांच्या दुपटीहून अधिक होती. आपल्याकडे संसार मोडतो तो बहुधा न्यायालयाबाहेर, गुपचूप. म्हणून जी सवलत घटस्फोटाचा हुकूमनामा मागते, ती बहुसंख्य एकट्या पालकांना दारातूनच परत पाठवते.

व्यवस्था शिकत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर आईची सही पालक म्हणून पुरेशी मानली गेली नाही, त्यातून उभ्या राहिलेल्या गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आईच्या पालकत्वाचा अर्थ व्यापक केला. २०१५ मध्ये अविवाहित मातेला वडिलांचे नाव उघड न करता पालकत्व मागण्याचा अधिकार त्याच न्यायालयाने मान्य केला. २०१६ च्या डिसेंबरमध्ये पारपत्राच्या अर्जात आई-वडिलांपैकी एकाचे नाव पुरेसे ठरले. आणि २०१८ च्या डिसेंबरपासून, आई एकटी पालक असेल तर, पॅनच्या अर्जात वडिलांचे नाव देण्याचे बंधन राहिले नाही. म्हणजे ‘आई एकटी पालक आहे काय’ हा प्रश्न आयकर विभागाच्या कागदावर आलेला आहे. तो विवरणपत्रापर्यंत नेणे बाकी आहे.

माझी सूचना अशी. ‘एकटा पालक’ या करदात्याला एका आश्रित मुलापोटी करातून थेट सूट द्यावी; उत्पन्नातून वजावट नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. ४ लाखांची वजावट दिली तर ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे १ लाख २० हजार वाचतील आणि १५ टक्के दरावर असलेल्याचे फार तर ६० हजार. जितकी श्रीमंती अधिक तितकी मदत अधिक, हे उफराटे होईल. थेट सूट सर्वांना सारखी. रक्कम किती? कॅनडाचाच तर्क आपल्या दरांना लावू: पहिला करमुक्त टप्पा ४ लाखांचा, सर्वांत खालचा दर ५ टक्के, म्हणजे २०,००० रुपये. आकडा लहान आहे, आणि तो तसाच असावा. सुरुवात अशा रकमेने करावी, जिच्यासाठी कोणी खोटा संसार मोडणार नाही.

व्याख्येत विधवा, विधुर, घटस्फोटित, अविवाहित आणि दत्तक घेणारे एकटे पालक यांच्याबरोबर वर्षभर वेगळे राहणारेही असावेत. त्यांच्याकडून हुकूमनामा न मागता स्वयंघोषणा घ्यावी आणि मुलाच्या शाळेच्या नोंदीतील पत्ता व पालक यांच्याशी ती पडताळावी. मुलाचा ओळख क्रमांक विवरणपत्रात घेतला की एका मुलापोटी एका वर्षात दोन दावे आपोआप उघड होतील. आज संगणकाला हे काम क्षणाचे आहे. १९५५ मध्ये ते अशक्य होते. याच जोडीने मुलाचे उत्पन्न मिळवण्याच्या नियमातही ‘विवाह टिकून असणे’ या कसोटीऐवजी ‘प्रत्यक्ष सांभाळ’ ही कसोटी यावी.

आक्षेप मला दिसतात. पहिला: नवी करप्रणाली सवलतींचे जंगल साफ करण्यासाठी आली, त्यात पुन्हा झाड कशाला? मी स्वतः साधेपणाचा पक्षपाती आहे. पण विमा घ्या म्हणजे कर वाचेल, ही सवलत वर्तन वळवण्यासाठी असते. आश्रितापोटी मिळणारी सूट क्षमता अचूक मोजण्यासाठी असते. पहिली काढणे सुधारणा आहे, दुसरी नाकारणे मोजमापातील चूक आहे. दुसरा आक्षेप: गैरवापर होईल. होईल थोडा. सवलत देऊन काही अपात्रांना वीस हजार जाणे आणि सवलत न देऊन सगळ्या पात्रांना डावलणे, यांतली कोणती चूक मोठी याचा हिशेब आपण प्रशासक क्वचित करतो, कारण पहिल्या चुकीवर लेखापरीक्षणाचा परिच्छेद निघतो, दुसरीवर निघत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आयकर भरणारे मुळात थोडे. १२ लाखांवरच्या एकट्या आईचे तुम्ही सांगता, मग शेतमजुरीवर मूल वाढवणाऱ्या परित्यक्तेचे काय? तिला करसवलत म्हणजे उपाशी माणसाला पचनाचे औषध. हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. केंद्राच्या विधवा निवृत्तिवेतन योजनेत ४० ते ७९ वयाच्या दारिद्र्यरेषेखालील विधवेला केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे, तो २०१२ पासूनचा. आणि पतीने टाकलेली स्त्री विधवा नसल्याने तीत बसतच नाही. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार योजना किंवा बालसंगोपन योजना यांनी ही उणीव काही अंशी भरली आहे. पण राज्य ओलांडून कामाला गेलेली मराठी स्त्री सुरतेत वा बंगळुरात असेल तर तिच्या गावची योजना तिच्याबरोबर प्रवास करत नाही. म्हणून ही सूट कर भरणाऱ्यांपुरती न ठेवता, ज्यांचे उत्पन्न कराच्या खूप खाली आहे अशा एकट्या पालकांना तीच २०,००० रुपयांची रक्कम, म्हणजे महिन्याला सुमारे १,६६६ रुपये, केंद्राने थेट खात्यात द्यावी आणि ती देशात कोठेही मिळावी. निधीचा प्रश्न असेल तर आधी खालच्यांना द्या, वरच्यांना नंतर. व्याख्या मात्र दोघांसाठी एकच हवी. प्रत्येक योजनेची वेगळी व्याख्या म्हणजे प्रत्येक खिडकीवर आपले दुःख नव्याने सिद्ध करणे.

आमच्या सहकाऱ्यांनी त्या दुपारी घोषणापत्रावर सही केली आणि कागद माझ्याच हातून लेखा शाखेत गेला. जाताना त्या म्हणाल्या, "पैशाचे राहू द्या साहेब, विचारायला तरी हवे होते." मी तीस वर्षे सरकारी नमुने भरतो आणि भरून घेतो आहे. नमुन्यात जे विचारले जात नाही ते शासनाच्या लेखी नसते. त्या मुलाची आई आणि त्या मुलीचा बाप सरकारला दिसायला हवे असतील, तर आधी त्यांच्यासाठी एक रकाना आखावा लागेल.